शेजारी झोपलेल्याची साक्ष

झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे एकट्यानं जाऊ नये. ज्या माणसाच्या शेजारी आपण झोपतो, त्याला सोबत न्यावं. पोट कुठं दुखतं, दम कधी लागतो, हे रोग्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही. झोपेचं तसं नाही. आजार हजर असतो तेव्हा रोगी गैरहजर असतो. रात्री अडीच वाजता काय घडलं, ते पाहिलेलं असतं बायकोनं, आईनं, नाहीतर होस्टेलच्या खोलीतल्या मित्रानं.

झोपविकारांच्या ओपीडीत थोडा वेळ बसलं की हे लगेच ध्यानात येतं. पन्नाशीचा गृहस्थ खुर्चीत बसतो आणि म्हणतो, ‘मला तसा काही त्रास नाही हो, हिनंच आणलंय.’ मग ती बोलायला लागते. ‘घोरण्याचं काही नाही, त्याची सवय झाली. पण मधेच आवाज बंद होतो ना, तेव्हा मी उठून बसते. श्वास येतो का बघते. नाहीच आला तर हलवते. मग एकदम मोठ्यानं श्वास ओढतात आणि पुन्हा घोरायला लागतात. ह्यांना सकाळी काही आठवत नाही.’ शेजारी नवरा गप्प असतो. एवढी वर्षं बायको रात्री उठून आपला श्वास तपासते आहे, हे अनेकांना त्या खोलीतच पहिल्यांदा कळतं.

तिच्या या बोलण्याला वैद्यकात मान आहे. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधी विचारायची एक छोटी प्रश्नावली तयार केली. वजन, रक्तदाब, मानेचा घेर, वय असे पुढे आठ मुद्दे झाले. त्यातला एक प्रश्न असा, की झोपेत तुमचा श्वास थांबल्याचं कुणी पाहिलं आहे का? जगभरच्या दवाखान्यांत वापरली जाणारी ही चाचणी साक्षीदाराशिवाय नीट भरताच येत नाही.

आपल्याकडे अडचण अशी, की साक्षीदार भरपूर असतात, पण ते जे पाहतात त्याचा अर्थ वेगळा लावतात. मुंबईतल्या एका खोलीच्या घरात पाच माणसं झोपतात आणि पाचही जणांना बाबांचं घोरणं ठाऊक असतं. पण घोरणं म्हणजे गाढ झोप, दमूनभागून आलेल्याची हक्काची झोप, असा आपला जुना समज. फार तर चेष्टा होते. लग्नघरात सगळ्यांच्या गाद्या एका हॉलमध्ये पडतात तेव्हा घोरणाऱ्याला लाज वाटते, रात्रीच्या रेल्वेप्रवासाला तो टाळाटाळ करतो. डॉक्टरकडे मात्र कुणी जात नाही.

खरं काय घडतं ते असं. झोप लागली की अंगातले स्नायू सैलावतात, तसे घशातलेही. जीभ मागे सरते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ खाली येते. वाट अरुंद झाली की श्वासाबरोबर हे मऊ भाग थरथरतात, तेच घोरणं. काहींची वाट अरुंद होऊन थांबत नाही, पूर्ण मिटते. शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉनं जोरात ओढताना मऊ स्ट्रॉ चपटा होऊन चिकटावा, तसं. छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मेंदूला धोका कळतो आणि तो माणसाला काही सेकंद जागं करतो. स्नायू ताठतात, घसा उघडतो, मोठा आवाज करून श्वास आत येतो आणि लगेच पुन्हा झोप. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी तिची आठवण नसते. श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक थांबला तर तो एक ‘ॲप्निया’. श्वास थांबण्याचे किंवा फार उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला पाचपर्यंत चालतात. १५ च्या पुढे मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र आजार. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. सात तास अंथरुणात पडून राहिलेला हा माणूस दोनशेहून अधिक वेळा गुदमरून जागा झालेला असतो, आणि सकाळी सांगतो, ‘छान झोप झाली.’

दिवस मात्र खरं सांगतो. उठल्यावर डोकं जड, घसा कोरडा. दुपारच्या मीटिंगमध्ये पेंग, वर्तमानपत्र हातात घेतलं की डुलकी. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. त्याचं खापर प्रोस्टेटवर किंवा साखरेवर फुटतं, पण घसा मिटलेला असताना छातीत जो ताण येतो, त्यामुळे हृदयातून लघवी वाढवणारं संप्रेरक पाझरतं हेही एक कारण असतं. रक्तदाबाच्या तीन-तीन गोळ्या चालू असूनही आकडा उतरत नाही, तेव्हा जाणता डॉक्टर झोपेबद्दल विचारतो. हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, मधुमेह या सगळ्यांशी या आजाराचं नातं आहे. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणात ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ हे शब्द होते. मराठी वर्तमानपत्रांच्या कित्येक वाचकांनी ते तेव्हा पहिल्यांदा वाचले असतील.

हा आजार आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आहे, हे मुंबईतच दाखवलं गेलं. हिंदुजा रुग्णालयाचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे पुरुष रुग्ण म्हणून आले नव्हते, नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आले होते. त्यांतल्या १९.५ टक्क्यांच्या श्वासात झोपेत बिघाड आढळला, आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत. आशियाई माणसांत वजन फार नसतानाही हा आजार दिसतो, त्याचं एक कारण जबड्याच्या ठेवणीत आहे. लहान, मागे असलेल्या जबड्यात जिभेला जागा कमी पडते. म्हणून ‘मी कुठं जाड आहे?’ हे उत्तर पुरेसं नाही.

त्या पाहणीत फक्त पुरुष होते. बायकांचं काय, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाळी जाईपर्यंत संप्रेरकांचं थोडं संरक्षण असतं, नंतर ते जातं आणि बायकांतलं प्रमाण वाढतं. पण त्यांची तक्रार वेगळ्या शब्दांत येते. ‘मी घोरते’ असं बाई म्हणत नाही. ती म्हणते, थकवा जात नाही, झोप लागत नाही, डोकं धरतं, कशात मन लागत नाही. तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, नाहीतर मन शांत करायच्या. आणि तिच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार नसतो. घरात सगळ्यांनंतर झोपून सगळ्यांआधी उठणाऱ्या बाईला झोपलेलं पाहतो कोण? नवरा गाढ झोपेत. विधवा असेल तर खोलीत कुणी नाही. सोबत आलेल्या लेकीला विचारलं तर ती म्हणते, ‘आई तर कधी झोपतच नाही.’ डॉक्टरांनी बाईला झोपेबद्दल मुद्दाम विचारायला हवं, आणि मुलींनी कधीतरी आईच्या खोलीत रात्र काढायला हवी.

तपासणी म्हणजे ‘स्लीप स्टडी’. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना तारा चिकटवतात. छाती-पोटाला पट्टे, नाकाशी हवेची नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. इतक्या तारांत झोप कशी लागणार, असं प्रत्येकाला वाटतं आणि बहुतेकांना ती लागते. पलीकडच्या खोलीत तंत्रज्ञ पडद्यावर रेघा पाहत रात्र काढतो. घरी नेऊन वापरायचं छोटं यंत्रही असतं. श्वास, प्राणवायू आणि नाडी एवढं त्यात कळतं, आणि साध्या प्रकरणात तेवढं पुरतं.

सकाळी तो आलेख पाहणं हा अनेकांच्या आयुष्यातला मोठा धक्का असतो. प्राणवायूची रेघ करवतीच्या दातांसारखी खाली-वर गेलेली दिसते. बायको इतकी वर्षं जे सांगत होती ते कागदावर उमटलेलं असतं. खरं तर त्यासाठी कागदाची गरज पडू नये.

उपचाराचं यंत्र ऑस्ट्रेलियात जन्मलं. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरीसारखी मोटर वापरून एका रुग्णाच्या नाकात सतत हलक्या दाबाची हवा सोडली आणि त्या दाबानं घसा रात्रभर उघडा राहिला. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. त्याआधी तीव्र आजारात श्वासनलिकेला भोक पाडण्याखेरीज इलाज नव्हता. आजचं सीपॅप यंत्र उशाशी मावतं, आवाज फारसा करत नाही. पण किंमत पाच आकडी, आणि रोज रात्री तोंडावर मास्क. पहिल्या आठवड्यात बरेच जण तो भिरकावून देतात: नाक कोरडं पडतं, हवा डोळ्यांत जाते, कोंडल्यासारखं वाटतं. मास्कचं माप बदलून, हवेत ओलावा देऊन, दिवसा टीव्ही पाहताना तासभर लावून सवय करता येते. हे शिकवायला कुणीतरी लागतं, आणि आपल्याकडे यंत्र विकणारे भेटतात, शिकवणारे कमी.

या यंत्रानं सगळं बरं होतं असंही मी लिहिणार नाही. दिवसाची झोप जाते, रक्तदाब थोडा उतरतो, हे पक्कं. २०१६ मध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. पण त्या रुग्णांनी यंत्र सरासरी ३.३ तासच लावलं होतं. अर्धी रात्र घेतलेल्या औषधाचा हा हिशेब आहे, असं अनेक तज्ज्ञ म्हणतात. वजन उतरवणं, रात्रीची दारू सोडणं, पाठीवर न झोपता कुशीवर झोपणं, खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी, काहींना शस्त्रक्रिया, असे दुसरे मार्गही आहेत.

निद्रानाशात साक्ष उलटी होते. नवरा सांगतो, ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.’ बायको म्हणते, ‘मी तर यांना झोपलेलं पाहिलं.’ यावरून घरात भांडणं होतात. दोघंही खरं बोलत असतात. यंत्रावर पाच-सहा तासांची झोप दिसते, तरी माणसाला आपण टक्क जागे होतो असं वाटतं. ही निद्रानाशाची ओळखीची तऱ्हा आहे. त्याचा मेंदू झोपेतही पूर्णपणे पहारा सोडत नाही. अशा माणसाला ‘तू झोपला होतास, कटकट करू नकोस’ म्हणणं क्रूर आहे.

आठवड्यात तीन रात्री आणि सलग तीन महिने हा त्रास राहिला तर तो जुनाट निद्रानाश. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये त्याची जी मांडणी केली ती मला फार उपयोगाची वाटते. काही माणसं मुळात हलक्या झोपेची. मग काहीतरी घडतं: नोकरी जाते, घरात आजारपण येतं, परीक्षा असते. झोप उडते. ते कारण निवळतं, पण तोवर झोप मिळवण्याच्या धडपडीत नव्या सवयी लागलेल्या असतात आणि पुढचा निद्रानाश त्या सवयींवर जगतो. नऊलाच अंथरुणात शिरणं, सकाळी उशिरापर्यंत लोळणं, दुपारी भरपाई करणं, रात्री दर अर्ध्या तासानं घड्याळ पाहणं. आपली घरंही यालाच खतपाणी घालतात. ‘डोळे मिटून पडून राहा, येईल झोप’ हा सर्वांत प्रेमाचा आणि सर्वांत चुकीचा सल्ला.

उपचार नेमका याच्या उलट आहे. आठवडाभर नोंद ठेवायची. सरासरी साडेपाच तास झोप होत असेल तर अंथरुणात सुरुवातीला तेवढाच वेळ काढायचा: रात्री साडेबाराला झोपायचं, सहाला उठायचं, झोप झालेली असो वा नसो. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. दुसरी खोली नसेल तर खुर्चीत बसायचं. पेंग आली की परत. पहिले दोन आठवडे हाल होतात. मग झोप घट्ट होते आणि वेळ हळूहळू वाढवत नेता येतो. अपस्मार किंवा तीव्र मनोविकार असलेल्यांनी आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. विचारांना वळण लावण्याचा भाग मिळून या पद्धतीला निद्रानाशाची वर्तनोपचार पद्धती म्हणतात, आणि अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्ये गोळ्यांच्या आधी हीच द्यावी अशी शिफारस केली.

आपल्याकडे मात्र आधी गोळी येते. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं ‘एच-१’ यादीत आहेत. मार्च २०१४ पासून त्यांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, वेगळ्या वहीत नोंद करून व्हावी असा नियम आहे. तरी ‘अर्धी गोळी’ हा शब्द किती घरांत रोजच्या बोलण्यात आहे! कुणा आजींना पंधरा वर्षांपूर्वी दिलेली अर्धी गोळी तीच चिठ्ठी दाखवून अजून आणली जाते. म्हाताऱ्या माणसात तिनं तोल जातो, रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं, विस्मरण वाढतं. घोरणाऱ्यात ती घसा आणखी सैल करते. आणि एकदम बंद केली तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, काहींना फिटही येते. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्या-आठवड्यानं कमी करावी लागते.

आणखी एक आजार आपल्या घरांत तक्रार म्हणून ऐकू येतो, पण आजार म्हणून ओळखला जात नाही. संध्याकाळ झाली की पोटऱ्यांत ओढ, वळवळ, आतून काहीतरी चालल्यासारखं. पडलं की वाढतं, चाललं की थांबतं. ‘पाय दाबून दे गं’ म्हणणाऱ्या किती आज्या, किती गरोदर सुना रात्री स्वयंपाकघरात फेऱ्या मारतात. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये हे लिहून ठेवलं होतं. स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याला आजचं नाव दिलं, रेस्टलेस लेग्ज. बायकांत हा त्रास पुरुषांच्या दुप्पट आढळतो, आणि त्याचं एक मोठं कारण मेंदूला लोह कमी पडणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवले की रात्रीच्या त्या फेऱ्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिनची तपासणी करायला सांगावी. लोह भरून निघालं की कित्येकींचे पाय शांत होतात. इतका साधा इलाज असताना बाईनं वर्षानुवर्षं जागं राहावं, याचा मला राग येतो.

मुलांच्या बाबतीत साक्षीदार आईच असते आणि तिचं ऐकायला हवं. तोंड उघडं टाकून झोपणारं, घोरणारं, उशी घामानं भिजवणारं, मान मागे टाकून विचित्र कोनात झोपणारं मूल बहुधा टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठींनी गुदमरत असतं. ते दिवसा मोठ्यांसारखं पेंगत नाही. उलट चळवळ करतं, चिडतं, अभ्यासात लक्ष देत नाही आणि शाळेतून चिठ्ठी येते. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मुलांच्या झोपेचाच विचार करून. निर्णय योग्य होता. पण ज्याचा घसाच मिटतो त्याला दोन तास जास्त झोपूनही उपयोग नाही, त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं.

साठीनंतरचा नवरा झोपेत ओरडतो, हात-पाय झाडतो, शेजारच्या बायकोला बुक्का बसतो. विचारलं तर सांगतो, कुणीतरी मागे लागलं होतं. स्वप्न पडतं त्या झोपेत एरवी शरीर लुळं असतं. इथं ते कुलूप निघालेलं असतं. अमेरिकेतल्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. पुढे रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की त्यांतल्या बहुसंख्यांना कालांतरानं पार्किन्सन किंवा त्याच्या जातीचा मेंदूविकार होतो. त्या बायकोच्या दंडावरचा निळा डाग हा कधीकधी हात थरथरायला लागण्याच्या दहा वर्षं आधी मिळालेला इशारा असतो. ती मात्र संकोचानं कुणाला सांगत नाही. लोक भलतंच समजतील ही भीती. घरच्या डॉक्टरला तरी सांगावं. तोवर पलंगाजवळचं टेबल हलवावं आणि वेगळं झोपावं.

याच्या उलट, कुलूप वेळेवर उघडलं नाही तर माणूस जागा होतो पण हलू शकत नाही, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. कोकणापासून विदर्भापर्यंत याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे होतात. क्वचित घडलं तर त्यात धोका नाही, जागरण टाळलं की बहुधा कमी होतं. वारंवार घडू लागलं, आणि दिवसा अनावर झोप येत असेल, हसताना गुडघे लुळे पडत असतील, तर तो नार्कोलेप्सी हा वेगळा आजार. मेंदूतल्या जाग राखणाऱ्या मूठभर पेशी नष्ट झाल्यानं तो होतो. अशा मुलाला वर्गात बाकावर उभं करून काहीही साधत नाही.

शेवटी रस्त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण तिथं एकाच्या झोपेची किंमत दुसरे मोजतात. ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग सरळ, रुंद, एकसुरी आहे. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात तीन सेकंदांच्या डुलकीत गाडी १०० मीटर जाते आणि तेवढा वेळ ती कुणीच चालवत नसतं. मध्यरात्रीनंतर दोन ते पाच या वेळात शरीराचं घड्याळच झोपेकडे ओढतं. चालक चहा, तंबाखू, खिडकीतला वारा, मोठ्यानं गाणी असे उपाय करतात. त्यांतला चहा थोडा वेळ उपयोगी पडतो, वारा आणि गाणी जवळजवळ नाहीतच. गाडी कडेला सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं झोपणं, एवढंच खरं कामाचं. पण पोचायची वेळ मालकानं ठरवलेली असते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. ढाब्यावर खाटेवर बसलेल्या कुणाही चालकाला विचारा, हा कायदा त्याच्या वाट्याला किती आला.

ट्रकात साक्षीदार क्लीनर असतो. ‘उस्ताद झोपेत गुदमरतो’ हे त्याला ठाऊक असतं, पण त्याला विचारायची सोय कुठल्याच कागदावर नाही. वाहन परवान्याच्या अर्जात अपस्मार, अचानक शुद्ध हरपणं, चक्कर यांबद्दल विचारतात. घोरणं, झोपेत श्वास थांबणं, दिवसा पेंगणं याबद्दल नाही. चालकही आपण होऊन सांगणार नाही, कारण परवाना गेला तर चूल बंद. युरोपीय संघानं २०१४ मध्ये हा आजार परवान्याच्या नियमात आणला आणि सदस्य देशांना २०१५ अखेर तो लागू करायला सांगितलं. मध्यम किंवा तीव्र ॲप्नियाचा संशय असेल तर आधी तपासणी. आजार आटोक्यात आहे, उपचार नियमित चालू आहेत आणि पेंग गेली आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं की गाडी पुन्हा चालवता येते. साध्या परवान्याला जास्तीत जास्त तीन वर्षांनी आणि ट्रक-बस चालवणाऱ्याला जास्तीत जास्त एका वर्षानं पुन्हा तपासणी. रोजगार जाऊ नये म्हणून उपचार घेणं भाग पडतं, आजार लपवणं नाही. आपल्या परिवहन विभागाच्या अर्जात अशा दोन ओळी वाढवायला आणि एसटीच्या व खासगी बसच्या रात्रपाळीच्या चालकांची वर्षातून एकदा, बोटाला चिमटा आणि नाकाशी नळी लावून एका रात्रीची तपासणी करायला फार पैसे लागणार नाहीत. सुरुवात आगारांच्या विश्रांतिगृहात करता येईल. तिथं चालक रात्री झोपतातच.